निळ्या पिंपाच्या तळाशी

मित्रांनो, मी एक जुने निळे पिंप आहे. माझ्या अंगावर कवटीचे चित्र होते, ते आता खरवडून गेले आहे.

चौऱ्याऐंशी साली खेडच्या बाजूला औषधांचा कच्चा माल करणारा एक कारखाना होता. तिथे माझ्यात एक द्रव भरत. शाळेत ज्याला आम्लारी म्हणतात, त्या जातीचा, पण चुन्यासारखा किंवा सोड्यासारखा नव्हे. त्यात धातू नाही, विद्युतभार नाही, दिसायला नुसते फिकट तेल. दुसऱ्या रेणूच्या अंगचा हायड्रोजनचा कण अलगद काढून घ्यायचा आणि स्वतः त्या रेणूला न चिकटता बाजूला व्हायचे, हे त्याचे काम. औषध घडवताना त्याला फार मान. त्याच्यामुळे मलाही. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातल्याशिवाय मला कोणी शिवत नसे.

मी रिकामे झाल्यावर काशीराम नावाच्या कामगाराने मला मागितले. उन्हाळ्यात त्याची बायको दोन टेकड्या उतरून पाणी आणी.

"ने. धुऊन घे म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

"आनी हातमोजे, साहेब?"

"ते कंपनीचे आहेत."

काशीरामची बायको हौसा मला पाहून हरखली. नवरा नोकरीत कायम व्हावा म्हणून त्या चातुर्मासात तिने लाख वातींचा नेम धरला होता. रोज पहाटे आंघोळ करून, कोणाशी न बोलता, ती आठशे वाती वळी. साठ हजार झाल्या होत्या. दुसऱ्याने वळलेली वात त्या नेमाला चालत नसे.

काशीराम पाळीवर गेल्यावर तिने राख, साबण आणि घासायला नारळाच्या काथ्याचे सोडण घेतले आणि खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला.

"आये, साबण जात न्हाय गो. बुळबुळीतच लागतंय."

"मग घास की. मेंदी काढलीस काय हाताला?" सासू यमुनाबाई ओटीवरून म्हणाली.

तो साबण नव्हता, मित्रांनो. तळाशी उरलेला द्रव तिच्याच कातडीतल्या चरबीचा साबण करत होता. ती जितके घासी, तितके बुळबुळीत होई. मला ओरडता येत नाही.

दुपारी बोटे पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी कातडी सुटून आली. काशीरामला सगळे कळले, पण त्याला कायम व्हायचे होते. डॉक्टरांना त्याने सांगितले, कढत पाणी सांडले.

जखमा भरल्या, पण बोटांची टोके काचेसारखी गुळगुळीत झाली. कापूस त्यांच्यातून निसटून जाई. कार्तिकी आली तरी हौसा मांडीवर कापूस घेऊन बसलेली असे.

"नेम अर्धा टाकलान, म्हणून देवानं हात धरले," यमुनाबाई शेजारणींना सांगे. आधी काय झाले आणि मागून काय, हे मलाच ठाऊक.

काशीराम दिवाळीत कायम झाला. त्याला हातमोज्यांची नवी जोडी मिळाली.

तेव्हापासून तळाशी उरलेल्या द्रवासह मी परसात पडून होते. काल शेजारची गंगुबाई मला मागायला आली. हौसा आतून कोयता घेऊन धावली. तिला माझा तळ फोडायचा होता. पण कोयत्याची मूठ तिच्या हातात टिकली नाही, यमुनाबाईने तो सहज काढून घेतला.

"सुनेचे हात नाजूक, पिंपाला काय झालंय? ने गो तू."

मित्रांनो, तुमच्या दारी असे पिंप आले तर धुऊ नका, आत हात घालू नका. तळाला भोक पाडा, म्हणजे पुन्हा कोणी पाणी भरणार नाही. माझे एवढेच मागणे आहे.

गंगुबाईने झाकण काढले आहे. तिच्या हातात नारळाचे सोडण आहे.