थंड खोलीचा घाम

"आईला घाम फुटला! धावा रं, आईला घाम फुटला!"

अशी आरोळी उठली की खडवलीजवळच्या त्या गावातली माणसं हातातलं काम टाकून थंड खोलीकडे पळत. खोली शेतकऱ्यांच्या सोसायटीची. छपरावरच्या निळ्या काचांवर ऊन पडायचं, त्याची वीज व्हायची आणि त्या विजेवर भेंडी-काकडी ताजी राहायची. एवढा चमत्कार पुरे होता. पण भादव्यात तिथे शीतलानंद महाराज उगवले आणि आतल्या नळ्यांवरचं ठिबकतं पाणी दाखवून त्यांनी खोलीलाच देवी, 'आई' ठरवलं.

"सूर्याचा ताप आई पोटात घेते, बाळांनो! त्या कष्टाचा हा घाम. दमा, कावीळ, कोर्टाची तारीख, सगळ्यांवर एकच उतारा!"

कोर्टाच्या तारखेवर औषध देणारी देवी कुणी ऐकली नव्हती, तरी रांग लागली.

खोलीची किल्ली सगुणाकडे असे. रोज सकाळी माल लावायचा आणि गार नळ्यांखालच्या पत्र्याच्या ताटात ठिबकलेलं पाणी पोतेऱ्यानं टिपून बाहेर पिळायचं, हे तिचं काम. महाराजांनी तिला मळवट भरून पुजारीण केलं. काल जे पाणी ती पोतेऱ्यानं पुसत होती, तेच आज पळीनं वाटू लागली. तिला शंका कशी आली नाही? अहो, जन्मात पहिल्यांदा तिच्यापुढे कुणी हात जोडले होते.

दर्शनासाठी दार दिवसभर सताड उघडं राहू लागलं. आतली भेंडी काळी पडली, कुजका पाला ताटात गळू लागला. "आईनं नैवेद्य घेतला," महाराज म्हणाले.

त्यातच सगुणाच्या मालूला जुलाब-उलट्या लागल्या. सहा वर्षांची एकुलती एक लेक. शाळेच्या कलावतीबाई धावत आल्या.

"सगुणा, उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा. आणि भाजीच्या टेम्पोतून आत्ताच्या आत्ता कल्याणला ने."

"महाराज बोललेत बाई, दवाखान्याचं औषध पोटात गेलं तर आई कोपंल."

"अगं, त्या ताटातलं पाणी तू स्वतः..."

"तुमी नका तसं बोलू!"

दोन दिवस सगुणा लेकीला तीर्थ पाजत राहिली. पोरीचे डोळे खोल गेले, तेव्हा कुठे तिनं टेम्पोवाल्या तानाजीला हाक मारली. टिटवाळा मागे पडल्यावर मालूनं पाणी मागितलं. सगुणानं तीर्थाची बाटली पुढे केली.

"ते नको आये. हंड्यातलं दे."

टेम्पोत हंडा कुठला? कल्याण यायच्या आतच मालू गेली.

मालूचे दिवस झाले. महाराज म्हणाले, "आईनं पोरीला पदरात घेतलं," आणि रांग पुन्हा लागली! तेव्हा कलावतीबाई कल्याणहून भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी तांब्या कोरडा पुसला, आत बर्फ टाकला आणि तांब्या ओट्यावर ठेवला. बघता बघता तांब्याच्या अंगावर थेंब उभे राहिले.

"तांब्या गळका नाही," बाई म्हणाल्या. "हवेत ओल असते. गार वस्तूला लागली की तिचं पाणी होतं. खोलीतल्या नळ्या गार, बाहेरची हवा दमट. दार जेवढं उघडं, तेवढा घाम जास्त. म्हणून यांना दार उघडं लागतं."

"तांब्यातही आईच प्रकटली!" महाराज गरजले.

"मग घरोघरी तांबे हायेत की," म्हातारी रंगूबाई म्हणाली. "तुमचं काय काम?"

लोक हसले. सगुणा हसली नाही. तिनं तांब्यावरून बोट फिरवलं.

"एवढंच व्हतं, बाई?"

"एवढंच."

"मला तर ठावं व्हतं. रोज पुसायची मी."

ती आत गेली. कोपऱ्यातलं पोतेरं घेऊन तिनं ताट टिपून काढलं आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत पिळलं. कुणीतरी "तीर्थ, तीर्थ!" म्हणून ओरडलं. सगुणानं खोलीचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि त्याच दाराला पाठ टेकून ढसाढसा रडली. महाराज केव्हा निसटले, कुणाला कळलं नाही.

"पानी हाय ते," ती रडता रडता म्हणाली. "पुसायचं असतं. पोर आजारी पडली तर डाक्टरकडं न्या रं. माझ्यावानी पाजत बसू नका."