जोडाघरातली उमेदवार

आमच्या घरात ‘प्रधान’ हा शब्द काढायची सोय नव्हती. माझे यजमान निर्वैर सिंग एकेकाळी आमच्या रस्त्यावरच्या गुरुद्वाऱ्याचे प्रधान, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, होते. लंगरासाठी रोट्यांचं यंत्र घ्यायचं की बायकांनीच रोट्या लाटायच्या, यावरून कमिटीत जुंपली. बायकांना कोणी विचारलं नाही ते नाहीच. भांडण हातघाईवर आलं आणि कुणाचा तरी हात लागून यांची पगडी खाली पडली, भर जिन्यात, सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून आम्ही मोटारीनं अर्धा तास जाऊन दुसऱ्या, छोट्या गुरुद्वाऱ्यात मत्था टेकतो. बर्मिंगहॅमसारख्या शहरात, जिथे चालत जाता येतील असे चार गुरुद्वारे आहेत, तिथे हे करावं लागतं.

आणि एका रविवारी जेवताना आमच्या लेकीनं, तवलीननं, रोटीचा तुकडा मोडत सांगितलं, “पापा, मी युनिव्हर्सिटीतल्या सिख सोसायटीच्या प्रधानपदाला उभी राहतेय.”

यांनी ताट सरकवलं. “गॅरेजला जाऊन येतो,” म्हणाले. रविवारी गॅरेजला कुलूप असतं.

मी पोरीवर उखडले. “सेक्रेटरी हो, खजिनदार हो, हवं तर दिवसभर भांडी घास. तेच पद कशाला हवंय तुला?”

“मम्मी, दोन वर्षं मी भांडीच घासतेय. हॉल मीच ठरवते, डाळ-तांदूळ मीच आणते. आणि प्रधान कोण होणार ते चार मुलं कॅन्टीनमध्ये चहा पिताना ठरवतात. मुलींसाठी उपप्रधानपद राखून ठेवलंय, गाडीतल्या स्टेपनीसारखं.”

खरं सांगते, तरीही मी तिला माघार घ्यायला लावणारच होते. रात्रभर विचार करून शब्दही जुळवून ठेवले होते. पण दुसऱ्या दिवशी हरकंवलचा फोन आला. हा मावळता प्रधान. बोलणं असं गोड की गुलाबजाम लाजावा.

“सत श्री अकाल, आंटीजी. तवलीन आमच्या बहिणीसारखी आहे. पण आमच्याकडे आजवर मतदान झालेलं नाही, सगळं एकमतानं होतं. या वेळी इंदरवीरचं नाव ठरलंय. तिच्या हट्टापायी पंथात फूट पडेल. तुम्हीच जरा समजवा ना तिला.”

“ठरलंय? कोणी ठरवलं?”

“म्हणजे... आम्ही सीनियर मुलांनी.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “पुत्तर, माझ्या पोरीला मी हजारदा गप्प बसवीन. तो माझा हक्क आहे, तिला मी जन्म दिलाय. तू कोण रे? आणि चार पोरांच्या चहानं पंथाची एकी होत असेल, तर एका पोरीच्या अर्जानं ती मोडत नाही. ठेव फोन.”

त्याच संध्याकाळी मी तवलीनला सांगितलं, “उभी राहा. आणि आता पडलीस तर घरात घेणार नाही.” ती माझ्या गळ्यात पडून हसत राहिली. हे पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

सोसायटीचा मोठा लंगर दरवर्षी मार्चमध्ये विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकून होतो. सगळ्यांना मोकळं आमंत्रण, ज्याला भूक तो पाहुणा. या वर्षी लंगर उरकल्यावर त्याच तंबूत मतदान ठेवलं होतं. सेवा वाटून द्यायचं काम हरकंवलकडे. त्यानं इंदरवीरला पंगतीत डाळ वाढायला दिली, तंबूच्या मधोमध, फोटो काढणाऱ्यांच्या समोर. आणि तवलीनला बसवलं जोडाघरात, म्हणजे दाराबाहेर लोकांचे जोडे सांभाळायला.

मी फोनवर संतापले. “बाहेर बसवलं तुला! आत तो मिरवणार आणि तू लोकांच्या बुटांचा वास घेत बसणार?”

“मम्मी, विचार कर,” तवलीन म्हणाली. “डाळ नको म्हणणारे असतात. बूट न काढता आत जाणारा कोणी आहे का? आणि जाताना घालायला पुन्हा माझ्याकडेच यायचंय.”

माझी ट्यूब तेव्हा पेटली. जन्मभर गुरुद्वाऱ्यात वाढलेली ही पोरं, सगळी वाट जोडाघरावरून जाते एवढंच विसरली होती.

यांना मी अक्षरशः ओढत नेलं. “मतदानाला नाही, लंगर खायला चला,” म्हटलं. लंगराला नाही म्हणणं यांना जमत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दारात ही रांग. टेबलामागे केशरी दुपट्टा बांधलेली तवलीन, मागच्या फळ्यांवर शेकडो पांढरे बूट, सगळे एका आईची लेकरं असावीत तसे. ती जोडे घेत होती, पितळी बिल्ला हातात देत होती, “रुमाल आहे का डोक्याला?” विचारत होती. मत द्या, असं एकदाही म्हणाली नाही. माझे कान तिकडेच होते.

रांगेच्या बाजूला एक मुलगी घुटमळत होती. आखूड कापलेले केस, नजर जमिनीवर. तवलीननं हाक मारली, “ये ना, का थांबलीस?”

“मी सोसायटीची मेंबर आहे, पण कधी आले नाही. माझे केस... सगळे बघतील.”

“बघू दे. मीच आधी बघितलं, झालं ना?” तवलीन टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्या डोक्याला रुमाल बांधला. “आता जेव. आणि माझ्यासाठी खीर उरलीय का तेवढं बघून सांग.” मुलगी हसत आत गेली. असे घुटमळणारे त्या दुपारी पुष्कळ होते. आत डाळ वाढणाऱ्याला ते दिसणार तरी कसे?

मग आमचा नंबर आला. मी सँडल दिले. हे मात्र बूट हातात घेऊन उभेच राहिले.

“द्या पापा.”

“नाही. मी ठेवतो बाहेरच कुठेतरी.”

आमच्यात बाप लेकीकडून पाय शिवून घेत नाही, जोडे तर दूरच. मागे रांग थांबली. कोणीतरी म्हणालं, “अंकलजी, चला की, डाळ गार होतेय.”

“पापा,” तवलीन हलकेच म्हणाली, “घरी मी तुमची लेक. इथे मी सेवादार आहे. सेवादाराला नाही म्हणता?”

यांनी बूट दिले. तिनं ते दुपट्ट्याच्या टोकानं पुसले, फळीवर ठेवले आणि बिल्ला यांच्या हातात दिला. हे तसेच उभे. मग टेबलामागे गेले, खाली मांडी घातली आणि म्हणाले, “सरक थोडी.” रांग संपेपर्यंत बापलेक जोडे लावत बसले होते. मी आत एकटीनं जेवले.

मतदानाआधी दोघांना बोलायचं होतं. इंदरवीर उत्तम बोलला, मुलगा गुणी आहे, उगाच कशाला नावं ठेवू. मग तवलीन उभी राहिली. हे बाहेर जोड्यांपाशीच थांबले होते. पण माइकचा आवाज तिथवर नीट येत होता.

“मला सांगितलं गेलं, पद मागू नये, सेवा मागावी,” ती म्हणाली. “मी सेवाच मागतेय, आणि मागायला लाजत नाही. माझे पापा प्रधान होते. एका भांडणात त्यांची पगडी पडली. मी लहान होते, जिन्यावर उभी होते. आमच्या भागात सगळ्यांना ती पडलेली पगडी आठवते. मला पुढचं आठवतं. पापांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, आधी पंगत उठू द्या, लोक जेवतायत, नंतर भांडू. मला तसं प्रधान व्हायचंय.”

यांनी हे शब्द म्हटले होते, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. घरी येऊन यांनी फक्त पगडी पुन्हा बांधली होती आणि दार लावून घेतलं होतं. मी बाहेर डोकावले. हे हातात कुणाचातरी बूट धरून बसले होते आणि खुशाल रडत होते.

चिठ्ठ्या मोजल्या. तवलीन चांगल्या फरकानं आली. त्या रुमालवाल्या पोरापोरींनी, जे कधी मतदानाला फिरकलेच नसते, तिला हात दिला होता. पहिला जयकारा इंदरवीरनं दिला, तंबू दणाणेल असा. त्याच्या आईला माझा नमस्कार. हरकंवलनं तवलीनच्या गळ्यात सिरोपा, म्हणजे मानाचं केशरी वस्त्र, घातला. मी त्याच्याकडे बघून गोड हसले. मलाही येतं.

गर्दी पांगली, तशी तवलीन सिरोपा सांभाळत पुन्हा जोडाघरात आली. अजून लोकांचे जोडे द्यायचे होते. शेवटी आम्ही दोघंच उरलो. हे टेबलाच्या अलीकडे आले, अनवाणी, पगडी नीट केली, आणि पितळी बिल्ला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“प्रधानजी,” हे म्हणाले, “माझे जोडे द्या.”