ग्रहणात सुटलेली आग

पिंपळवंडीत बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट भरला की पंच म्हणून सोमाजी आबांनाच बसवत. त्यांनी एखाद्या गाड्याची धाव, म्हणजे बारी, बाद म्हटली की बाद, मग गाडा पाहुण्याचा असो की भाऊबंदाचा. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांचं पत्त्यांवरून जुंपलेलं भांडण ओसरीवर आलं, तेव्हा ते सोडवणं त्यांना हातचा मळ वाटला.

पत्ते नेहमीचे नव्हते. चिंचवडहून आलेल्या शौर्यने राक्षसांची, जादूची पानं आणली होती. प्रत्येक पानाला एकेक शक्ती. नियमांचा कागद मात्र चिंचवडलाच राहिला होता. समोरच्याचं पान मारलं की ते कायमचं आपलं, एवढं त्याला आणि गावातल्या प्राचीला मान्य होतं. प्राचीने कालच एक चमकतं कासव जिंकलं होतं आणि रात्री ते उशीखाली घेऊन झोपली होती.

"आबा, माझ्या ड्रॅगनने कासवावर आग सोडली," शौर्य म्हणाला.

"कासवाला आग लागत न्हाई. त्याची शक्तीच ती हाय," प्राची म्हणाली.

"म्हणून तर मी ग्रहणाचं पान टाकलं. ग्रहणात मांडलेल्या सगळ्या पानांची शक्ती जाते. कवच गेलं, कासव जळालं."

"सगळ्या पानांची ना? मग तुझ्या ड्रॅगनची बी गेली. आग काय चुलीतनं आणतो?"

"आग आधीच सुटली होती. ग्रहण नंतर लागलं."

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पोराचं म्हणणं सरळ होतं. तोंडातून निघालेली आग मागून तोंड बंद केलं म्हणून परत कशी येईल? प्राचीचा चेहरा त्यांनी बघितला आणि लगेच दुसरीकडे बघितलं. निवाडा तो निवाडा.

"सुटली ती सुटली," ते म्हणाले. "मागनं काय बी झालं तरी—"

"जरा थांबा, सोमाजीभाऊ."

चहाची बशी घेऊन बसलेला शेजारचा भिमाजी सावरून बसला.

"मागल्या चैतात माझा गाडा सुटला. सुटल्यावर वरनं कुणी तरी थांबवा म्हणून वरडलं. बैल थांबत्यात व्हय? ते घाट चढून गेले. तुमी बारी बाद केली."

"पुकारा झाला व्हता."

"नंतर झाला व्हता. आत्ता काय म्हणला? सुटली ती सुटली."

आबांच्या ध्यानात आलं, की आग खरी धरावी तर वर्षभराने भिमाजीची बारीही खरी ठरते आणि गाव म्हणणार, म्हातारा तेव्हा चुकला. आग बाद धरावी तर गाव म्हणणार, नातीसाठी शब्द फिरवला.

"आबा, लवकर सांगा," शौर्य म्हणाला. "ड्रॅगन किती वेळ तोंड उघडून बसेल?"

"बसू दे. माझे बैल वरीसभर बसल्यात," भिमाजी म्हणाला.

 आबांनी घाटातल्यासारखा हात वर केला.

"आग बी बाद, ग्रहण बी बाद. दोघांनी पानं उचला आणि बारी पुन्यांदा सोडा. मधेच अडवलेल्या बारीचा निकाल लावायचा नस्तो."

शौर्यने कुरकुरत पानं उचलली. प्राचीने कासव छातीशी धरलं.

"आन् माझी?" भिमाजीने विचारलं.

 "तुजी बी पुन्हा सोडाया पायजे व्हती," आबा म्हणाले. "पुढल्या घाटाला पहिली बारी तुजी. पुकारायला मीच उभा राहीन."

भिमाजीने गार झालेला चहा एका दमात संपवला आणि बैलांना पेंड घालायला म्हणून उठला. भर दुपारी कुणी बैलांना पेंड घालत नाही, पण आबांनी त्याला अडवलं नाही.