हळदीखालचा चेहरा

मित्रांनो, माझ्याकडे येणारी माणसे पालथी येतात. फोटोचे तोंड माझ्या काचेवर, पाठ वर, आणि त्यावर झाकण. मी सदलग्यातल्या कलगोंडा अण्णांच्या फोटो स्टुडिओतला जुना स्कॅनर आहे. काचेखालून उजेड सरकवत नेतो आणि जे दिसेल ते जसेच्या तसे शेजारच्या कॉम्प्युटरला सांगतो. पदरचे काही घालत नाही, तो माझा स्वभावच नाही.

बेळगावहून मला आणले तेव्हा अण्णांनी नारळ फोडला होता. "आता निपाणीला पळायची गरज न्हाय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ती कौतुकाची वर्षे होती. पुढे मोबाइल आले आणि माझ्या झाकणावर चहाचे कप बसू लागले. एक काम मात्र माझ्याकडेच राहिले, गेलेल्या माणसांचे. घरात एखादा बारीकसा काळा-पांढरा फोटो असतो, तो मोठा करून भिंतीवर लावायचा असतो. अण्णांची रीत ठरलेली. पुरुषाला निळा कोट, बाईला हिरवा शालू, दोन्ही कॉम्प्युटरात तयार. वर फक्त डोके बसवायचे. या भागातल्या निम्म्या भिंतींवर तो एकच कोट आहे. कोणाची तक्रार नव्हती, म्हणून मीही मनाला लावून घेतले नाही.

गेल्या वर्षी बोरगावकडचे भरमा आप्पा आले. त्यांची बायको जयाबाई सवाष्ण गेली, त्याला बरीच वर्षे झाली. तिचा एकुलता एक फोटो देव्हाऱ्याशेजारी होता आणि सून मंगल दर शुक्रवारी त्याला हळद-कुंकू लावायची. थेट फोटोवर, कारण काच नव्हतीच. भक्तीत कसूर नव्हती, पण कपाळापासून गालापर्यंत चेहरा डागांखाली गेला होता.

कॉम्प्युटरचे काम अण्णांची सून दिव्या पाहते. मागचा पडदा बदलणे, चेहरा उजळणे, पासपोर्टचे फोटो, एवढे तिला येत होते. तिने डाग पुसले, तेव्हा त्यांच्याबरोबर डोळेही गेले. मग दुसऱ्या कुणाचे डोळे बसवले आणि हिरवा शालू नेसवला.

आप्पांनी तयार फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"कलगोंडा, ही कोण रं?"

"काकूच की, आप्पा."

"न्हाय. लई देखणी हाय, खरं आमची न्हवं." ते रागावले नव्हते. म्हणाले, "तिचं तोंड मला आता आठवंना झालंय. आवाज येतोय कानात, तोंड न्हाय. म्हणून आलतो."

दिव्या म्हणाली, "जुना फोटो असू दे माझ्याजवळ, आप्पा. बघूया."

त्या दिवसापासून ती शिकायच्या मागे लागली. व्हिडिओ ढिगाने होते, पण सगळे पहिलीचे वर्ग. आभाळ बदला, रंग गोरा करा, पाच मिनिटांत. दुसरीचा वर्ग कुठे भरतो ते कोणी सांगेना. बेळगावात एक शिबिर झाले, तिथे गुरुजींनी शिकवले कमी आणि तयार शालूंचा पेनड्राइव्ह विकला जास्त. अण्णा खूश झाले, दिव्या नाही.

वाट सापडली ती भलतीकडेच. जुन्या पोथ्या जपणाऱ्या एका माणसाचा कानडी व्हिडिओ तिच्या समोर आला. डाग पडलेले पान नेहमी रंगीत स्कॅन करावे, मग त्यातले लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळे करून पाहावे, एकात दिसणारा डाग दुसऱ्यात नसतो, असे तो सांगत होता. दिव्याने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग कप उचलले आणि माझी काच कोरड्या फडक्याने पुसली.

"काळा-पांढरा फोटो रंगीत कशाला घेतीस गं? येळ जातोय नुसता," अण्णा म्हणाले.

"जाऊ दे की, अण्णा."

आता माझी बाजू ऐका. लाल, हिरवे, निळे, तिन्ही रंग मला वेगवेगळे दिसतात. पण फोटो काळा-पांढरा म्हटला की स्टुडिओत त्याची करडी खिचडी मागायचे आणि डाग चेहऱ्यात मिसळून जायचा. वेगवेगळे कोणी मागितलेच नव्हते. हळद आणि कुंकू लाल रंगात पाहिले की कागदाइतकेच उजळ होतात, म्हणजे जवळजवळ दिसेनासे होतात. दिव्याने फक्त लाल रंगातले चित्र ठेवले आणि मंगलच्या हळदीखालून जयाबाई वर आल्या. एक डोळा जरा तिरळा, भुवईत जुनी खोक, हनुवटीवर गोंदण, अंगावर साधे लुगडे. दिव्याने फक्त कागदाच्या चिरा बुजवल्या. मला फार आनंद झाला, तो लपवण्यासारखा नव्हता.

आप्पा आले. फोटो मांडीवर घेतला, पाहिला, आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांना त्रास झाला असे वाटून अण्णा पाणी आणायला उठले.

"थांब रं," आप्पा डोळे न उघडताच म्हणाले. "दिसतीया. आता डोळं मिटल्यावरबी दिसतीया."

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा कागद असेल. त्यावर डाग पडला तर घाईने खरवडू नका, आणि वर शालूही चढवू नका. ज्याला येते त्याच्याकडे न्या. कोणालाच येत नसेल, तर स्वतः शिका. आणि आजच त्याला काच बसवा. हळद-कुंकू काचेला लावले तरी त्या माणसाला पोहोचते.