दंडाला दिलेला धागा

मी गुरुदासच्या उजव्या हातातली नस बोलतेय. रक्त वाहून नेणारी नव्हे. मेंदूचा हुकूम खाली नेणारी आणि बोटांची खबर वर आणणारी. कोपर चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती मी.

गुरुदासची कुडाळजवळ काजूची बाग आहे. कोयता पकडणं, बोंडाची बी पिळून काढणं, स्कूटरचा ब्रेक दाबणं, यात माझे दिवस बरे चालले होते.

त्या चैत्रात त्याची धाकटी बहीण दुर्गा माहेरी आली होती. तिला आरोंद्याला सासरी पोचवायला तो स्कूटरवरून निघाला. एका वळणावर समोरून डंपर अंगावर आला. गुरुदास उजव्या खांद्यावर आदळला आणि मानेतल्या वरच्या नसा मुळापासून तुटल्या. मी खालच्या मुळांतून येते, म्हणून वाचले.

दुर्गा त्याच्या शेजारीच पडली होती. तिने त्याची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट धरलं. तीच बोटं माझी. तिची पकड मी वर सांगत राहिले. आधी घट्ट, मग सैल, मग नुसता भार. माणसं धावत आली तेव्हाही मी तो भारच सांगत होते.

पुढे हात लोंबकळू लागला. बोटं भात कालवायची, पण कोपर दुमडेना. घास तोंडापर्यंत येईना. गुरुदास ताटावर वाकून जेवायचा. बायको सुगंधा भरवायला आली की मान फिरवायचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उपाय सुचवला. "करंगळीकडे जाणारी नस शाबूत आहे. तिच्यातला एक धागा दंडाच्या स्नायूला जोडू. बाकीचे धागे हाताचं काम सांभाळून घेतात."

त्यांनी मला दंडात उघडलं, हलका करंट देऊन धागे तपासले आणि त्यांतला एक कापून नेला. मला वाटलं, आता करंगळी गेली. पण हाताला पत्ताही लागला नाही. उरलेल्या धाग्यांनी काम उचललं.

नेलेला धागा मात्र दंडात हळूहळू वाढत राहिला. पावसाळा सरता सरता स्नायू पहिल्यांदा थरथरला. पण त्या धाग्याला हाताचाच हुकूम कळत होता. मूठ आवळली तरच कोपर हलायचं.

"वाईच मूठ आवळा बघू," सुगंधा म्हणायची.

गुरुदास आवळायला जाई आणि अर्ध्यात सोडून देई. रिकाम्या मुठीत त्याला दुर्गाच्या हाताचा तो भार लागायचा. मी शपथेवर सांगते, मी काही पाठवत नव्हते. तरी वर कुणीतरी ते ऐकत होतं. त्याने व्यायाम सोडला. दंड पुन्हा वाळायला लागला.

मग एके सकाळी सत्यवान आला. दुर्गाचा नवरा. तिच्या बाराव्यानंतर त्याने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. घरापुढच्या खळ्यात बसून तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला.

"गुरुदास, माका एकच सांग. तिका लय त्रास झालो काय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

"ठावक नाय, भावोजी. ती काय बोलाक नाय. माझी बोटां धरून होती. मगे हात सुटलो."

"म्हणजे एकटी नव्हती."

"नाय. एकटी नव्हती."

सत्यवानने अडकित्ता खाली ठेवला, जवळ सरकला आणि आपला हात त्याच्या हातात दिला. "आता माझो धर."

गुरुदासने धरला. मी जोर लावला, दंडातल्या धाग्यानेही लावला. कोपर दुमडत गेलं आणि सत्यवानचा हात गुरुदासच्या छातीपर्यंत वर आला. दोघेही रडत होते. सुगंधा दारातच थांबली.

आता मूठ न आवळताही कोपर दुमडतं. घास तोंडात जातो. पण दंडातला तो धागा अजून स्वतःला हाताचाच समजतो. गुरुदास साधा पेला उचलतो, तेव्हाही आपण कुणालातरी ओढून वर घेतोय असंच त्या धाग्याला वाटतं. मी त्याची समजूत घालत नाही.

तुम्ही कधी गुरुदासच्या हातात हात दिलात आणि त्याने तो सोडायला उशीर केला, तर ओढून घेऊ नका. तो स्वतः सोडेल.