माळभटक्यासाठी बंद झालेले फाटक

मित्रांनो, मी ऑस्ट्रेलियातल्या डेनिलिक्विनच्या माळावरचे एक जुने फाटक आहे. माझा मालक, मेंढपाळ क्लेम ट्रेगेन्झा, याच्या वडिलांनी नदीकाठच्या लाल लाकडातून मला घडवले. किती मेंढ्या माझ्यातून गेल्या! त्यांच्या लोकरीचे पुंजके अजून माझ्या फळ्यांना चिकटलेले आहेत.

आमच्या माळावर एक नियम आहे. फाटक जसे दिसेल तसे सोडायचे; उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. हा नियम मोडणाऱ्याला कोणी चहालाही बोलावत नाही.

माझ्या कुरणात माळभटक्या राहायचा. मुठीएवढा पक्षी, पण बाप म्हणून मोठा कष्टाळू! मादी अंडी घालून निघून जाते, उबवतो तोच. चाहूल लागली की टाचा उंचावून गवतावरून दूरवर पाहतो. जगात हे पक्षी फार थोडे उरलेत, हे कळल्यावर क्लेम हळवा झाला. खुराखाली अंडी फुटतील म्हणून त्याने मेंढ्या बाहेर काढल्या आणि मला साखळी घातली.

मला केवढा अभिमान वाटला! येणारेजाणारे नियम पाळत राहिले आणि मी बंदच राहिले. आत गवत वाढले, दाटले. माळभटक्या टाचा उंचावी, पण त्याला गवताशिवाय काही दिसेना. कोल्हा अगदी जवळ येई, तरी त्याला कळत नसे. एकेक करून पक्षी नाहीसे झाले.

शेवटी क्लेमची बायको नोरीन त्याला घेऊन माझ्यापाशी आली.

"मेंढ्या आण, क्लेम."

"वेडी आहेस का? चिरडतील त्याला!"

"आत आहे कोण आता चिरडायला? गवत माझ्या गुडघ्याच्या वर गेलंय. तो तुझ्या बुटाएवढा पण नाही!"

"मी त्याच्यासाठीच बंद केलं होतं गं."

"माहितेय मला. उघड आता."

क्लेम पुढे झाला. साखळी गंजली होती, बिजागरी करकरली. 'कुंपणच शेत खाते' म्हणतात. आम्ही तर ते मायेपोटी खाल्ले, याचे मला फार वाईट वाटते.

मेंढ्या चरल्या, गवत विरळ झाले, तशा क्लेमने त्या बाहेर काढल्या. पुढच्या वसंतात माझ्या खांबाजवळ एक माळभटक्या टाचा उंचावून उभा राहिला. क्लेमने नुसती टोपी काढली.

मित्रांनो, ज्याला जपायचे त्याच्या डोळ्यांनी एकदा पाहा, मगच कडी लावा. क्लेम आता अधूनमधून माझ्या पायथ्याशी पोटावर पालथा पडतो. परवा शेजारच्या बेव्हनने गाडी थांबवली.

"काय रे म्हाताऱ्या, पडलास की काय?"

"गप रे! इथून त्याला कोल्हा दिसेल का, ते बघतोय."