चिंचेच्या पाण्यावर जिंकलेली तूर

मी तूर बोलतेय. पानांकडे पाहू नका, ती नुसती हलतात. माझं सगळं डोकं मुळाच्या टोकाशी आहे.

सुरभीला वाटलं होतं, तिच्या गावच्या, आंजीच्या मातीत उतरताच मी पराक्रम गाजवीन. ती दूर ईशान्येच्या टेकड्यांत शिकली. तिथली माती लाल आणि आंबट. आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं जाळतं. माझं घराणं तिथलंच, त्या विषाला पुरून उरलेलं. वर्षानुवर्षं युरिया खाऊन आपलं शेतही आंबलं असणार, असं ठरवून ती थैलीभर बियाणं घेऊन घरी आली. शेतात सापडली चुनखडीचे पांढरे खडे मिरवणारी काळी माती. आंबट मातीत लाल होणारा तपासणीचा निळा कागद निळाच राहिला. कागद जुना असेल, असं ती म्हणाली.

तिचे वडील अण्णाजी वाद घालत बसले नाहीत. "विहिरीजवळची पट्टी तुयासाठी सोडतो बाई. पन आधी कुंडीत दाखव. तुई तूर जिंकली तं तुई पेरू, नाई तं आपली गावरान."

ती पट्टी सुरभीला हवीच होती. इतक्या लांब शिकलेलं काहीतरी गावाच्या कामी यावं, एवढंच तिचं मागणं.

अंगणात मोरीजवळ दोन कुंड्या मांडल्या. मुळं स्वच्छ दिसावीत म्हणून नाल्याची धुतलेली रेती भरली. एकीत मी, दुसरीत गावरान; दोघींना पाणी विहिरीचंच.

आता माझ्या आतली गंमत ऐका. मुळाच्या टोकाशी माझा एक पहारेकरी आहे. तो सतत घडतो आणि सतत मोडला जातो; शत्रूच नसेल तर त्याला पोसायचं कशाला? पण अ‍ॅल्युमिनियम दाराशी आलं की ही मोडतोड थांबते. मग पहारेकरी आत शिरून निजलेल्या जनुकांना उठवतो. ती नवी दारं बनवतात आणि त्या दारांतून मी लिंबात असतं तसलं आम्ल बाहेर सोडते. ते अ‍ॅल्युमिनियमला अशी मिठी मारतं, की त्याला माझ्याकडे बघायची सवड उरत नाही.

आणि मोरीजवळ माझा पहारेकरी खरंच उठला. गावरानकडेही तसा एक आहे, पण त्याला सवय नाही. तो आळोखेपिळोखे देईपर्यंत तिची मुळं आखूड, जाड होऊन बसली.

सुरभीनं दोघींना उपटून अण्णाजींसमोर धरलं. "बाबा, रेतीत काहीच नव्हतं. म्हणजे दोष विहिरीच्या पाण्याचा."

अण्णाजींनी गावरानची मुळं बोटांनी चाचपली. "मंग उद्या तुई पेरू," ते हळूच म्हणाले.

आम्हाला परत कुंड्यांत लावून सुरभी शेजारीच बसली होती. तेवढ्यात तिची आई, प्रमिलाबाई, आली आणि पातेल्यातलं तांबूस पाणी निम्मं माझ्यावर, निम्मं गावरानवर ओतून वळली.

"माय, हे काय टाकलं?"

"चिंचेचं पानी व. आपल्या चुन्याच्या पान्यानं जर्मनचं पातेलं काळं पडते. मंग चिंच टाकून उकळतो. पाहाय कसं चमकून राह्यलं."

या घरात अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि चिंचेच्या आंबटात ते थोडं विरघळतंच.

"नेहमी इथंच टाकतेस?"

"तं कुठी टाकू? तू एवढा जीव लावते त्याइले, म्हनलं थोडं आपलंही असू दे. काऊन, तोंड काऊन उतरलं?"

सुरभीनं पातेलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. पट्टी तर मिळालीच होती. तिनं हे सांगितलं नसतं तर कळलं असतं फक्त मला, आणि मला विचारतं कोण?

सकाळी अण्णाजींनी तिच्या थैलीला हात घातला. तिनं तो धरला. "बाबा, आपली गावरान पेरा. माझी तूर मायच्या पातेल्यानं जिंकवली." आणि तिनं चिंचेचं सगळं सांगून टाकलं.

अण्णाजी बराच वेळ हसले. "म्हंजे जहर आहे तं फक्त तुया मायच्या मोरीत." मग गावरानचं बियाणं त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. "पट्टी तुईच राह्यली. पेर आता."

पदर नव्हता म्हणून तिनं बियाण्यासाठी ओढणीचीच ओटी बांधली. निघताना आजारी गावरानची कुंडी काखेत मारली, काळ्या मातीत लावायला. माझ्या भावंडांची थैली शिवून बाजूला ठेवली. ती थैली लाल टेकड्यांवर परत जाणार, जिथं त्यांची वाट पाहिली जाते.

मला मात्र तिनं मोरीजवळच राहू दिलं. तेव्हा प्रमिलाबाई, एवढीच विनंती: पातेलं लख्ख ठेवा. पहारेकऱ्याला आता कामाची सवय लागली आहे.